कॅटलॉगबाबू

गाणं ऐकणारी माणसं कोलकात्यात घरोघरी आहेत, गाणारी त्याहून जास्त. पण गाण्याची जन्मतारीख, कंपनी, बाजू आणि पाकिटावरचा फोटोग्राफर एवढं सगळं तोंडपाठ असलेला माणूस दर पाड्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एखादाच. आमच्या पाड्यातला हा मान ज्यांच्याकडे आहे त्यांना आम्ही कॅटलॉगबाबू म्हणतो. खरं नाव दारावर पितळी अक्षरांत आहे, पण ते पोस्टमनखेरीज कुणी वाचत नाही.

वय साठीपुढचं, अंगात घरी धुतलेला पंजाबी कुडता, खांद्याला झोळी. झोळीत छत्री, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणि रेकॉर्ड पुसायचं मखमली फडकं. चष्मा पुसायला ते फडकं वापरलं तर बौदींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बोलणी बसतात. सकाळी मासळीबाजारातून पाबदा घेऊन निघालेला हा माणूस फ्री स्कूल स्ट्रीटच्या जुन्या रेकॉर्डवाल्याकडे 'फक्त डोकावतो' आणि दुपारी दोनला पाबद्यासकट घरी पोचतो. रस्त्याचं नाव मिर्झा गालिब स्ट्रीट होऊन कैक वर्षं झाली, पण जुन्या तबकडीवर नवं लेबल चिकटवलेलं त्यांना चालत नाही.

त्यांच्याशी बोलताना 'हे गाणं छान आहे' असं म्हणायचं नाही. मी एकदा म्हटलं. "कुठलं छान?" त्यांनी विचारलं. "कॅसेटवरचं, सीडीवरचं की पूजा स्पेशल? दादा, छान हे काही उत्तर झालं नाही." मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, तरी मला दादा म्हणतात. पण हा दादा ते परीक्षकाच्या आवाजात म्हणतात.

शहराचा अभिमान त्यांना वाजवीपेक्षा थोडा जास्त आहे आणि पुरावा हाताशी असल्यामुळे वाद घालता येत नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गेसबर्ग साहेब यंत्र घेऊन इथेच आला, गौहरजान इथेच गायली आणि गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगून मोकळी झाली. १९०८ साली तबकड्या छापायचा कारखाना सियालदहला निघाला, पुढे तो दमदमला गेला. आजही विमानतळाकडे निघालेल्या टॅक्सीत दमदम आलं की कॅटलॉगबाबू खिडकीकडे तोंड करून हात जोडतात. ड्रायव्हरला वाटतं, वाटेत कालीबाडी असणार. तोही जोडतो.

त्यांचा खरा विषय मात्र एकच: स्वतः लिहिणारे, स्वतः चाल लावणारे आणि स्वतःच गाणारे कोलकात्याचे गवई, आणि त्यांचं यश. इथेच त्यांच्या आयुष्याचं दुःख आहे: ते यश कुणी मोजलेलंच नाही. विलायतेत १४ नोव्हेंबर १९५२ ला 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'नं दुकानांना फोन करकरून खपाची पहिली यादी छापली, आणि तेव्हापासून तिथलं प्रत्येक गाणं आठवड्याआठवड्यानं मोजलेलं आहे. ग्लासगोचा डोनोव्हन घ्या. त्याचं 'सनशाइन सुपरमॅन' १९६६ साली अमेरिकेत पहिलं आणि ब्रिटनमध्ये दुसरं. ग्लासगोजवळच्या पेझलीचा गेरी रॅफर्टी, त्याचं 'बेकर स्ट्रीट' १९७८ साली ब्रिटनमध्ये तिसरं, अमेरिकेत दुसरं. "बुझलेन? दुसरं! कुणी लपवू शकत नाही." डोनोव्हनवर त्यांचा वेगळा रागही आहे. तो १९६८ मध्ये बीटल्सबरोबर हृषीकेशला आला आणि कोलकात्याला न येता परत गेला.

आपल्याकडे त्याच १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, पण ती हिंदी सिनेमाची. बंगाली गाण्याला ना पायदान ना बिगुल. दुर्गापूजेला एचएमव्ही 'शारद अर्घ्य' नावाची पुस्तिका काढायची, तिच्यात गाण्याचे शब्द असत, गायकांचे फोटो असत. नसायचा तो खप. हे पाप कॅटलॉगबाबूंनी कंपनीला अजून माफ केलेलं नाही.

मग त्यांनी स्वतःच यादी काढली. लाल कापडी बांधणीची खेरोर खाता, म्हणजे बंगाली दुकानदाराची चोपडी, सत्यजित राय ज्या जातीच्या वहीत पटकथा लिहायचे तीच. तिच्यात रकाने आहेत: पंडाल, मिनीबस, पिकनिक, लग्न. अष्टमीच्या संध्याकाळी पंडालच्या कर्ण्यावर वाजलं तर पाच गुण, सप्तमीला तीन. मिनीबसच्या कंडक्टरनं गुणगुणलं तर चार, कारण त्याला गाण्याचे पैसे मिळत नाहीत. पिकनिकला बेसूर गायलं गेलं तर दोन गुण जादा. मी कारण विचारलं. "सुरात गाणारा काहीही गातो. ज्याला सूर नाही तोही गायला लागला की गाणं पोचलं समजा." या माणसानं गाण्याबद्दल काढलेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य, आणि तेही गुण देण्याच्या ओघात निघून गेलं.

वहीतलं मानाचं पान १९९२ चं. सुमन चट्टोपाध्याय, म्हणजे आजचे कबीर सुमन, परदेशातल्या रेडिओच्या नोकऱ्या करून परत आले आणि 'तोमाके चाइ' ही कॅसेट निघाली. मागोमाग १९९३ मध्ये नचिकेता, १९९४ मध्ये अंजन दत्त. लोकांनी या प्रकाराला 'जीवनमुखी गान' म्हटलं आणि भद्रलोकांची पोरं गिटारचे क्लास लावू लागली. 'तोमाके चाइ'च्या कॅटलॉगबाबूंकडे तीन प्रती आहेत: एक ऐकायची, एक पाहुण्यांना दाखवायची आणि एक सेलोफेनमध्ये जशीच्या तशी. ऐकायची प्रत ऐकलेली मी कधी पाहिली नाही.

सुमनच्या 'बोशे आँको' आणि 'इच्छे होलो' या दोन्ही कॅसेटी १९९३ च्या. आधी कुठली, यावरून पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या कॅटलॉगबाबूशी त्यांचं बोलणं बंद आहे. विजयादशमीची कोलाकुली, म्हणजे गळाभेट, त्या घरी होत नाही, मिठाई मात्र मुलाच्या हातून जाते.

सुमन २००९ मध्ये जादवपूरमधून खासदार झाले, तेव्हा कॅटलॉगबाबूंच्या आनंदाला सीमा राहिली नाही. राजकारणाशी त्याचा संबंध नव्हता. बंगाली गीतकार-गायकाच्या लोकप्रियतेचा सरकारनं मोजून, सही करून दिलेला आकडा त्यांना प्रथमच मिळाला होता. मतमोजणीचा तो आकडा वहीत लाल शाईनं उतरवलेला आहे. स्वतः मत कुणाला दिलं, ते सांगत नाहीत.

अंजन दत्तांसाठी तर वेगळा रकाना काढावा लागला: राँग नंबर. 'शुनते कि चाओ' या १९९४ च्या कॅसेटमध्ये बेला बोस नावाच्या प्रेयसीला नोकरी लागल्याचं सांगणारा तरुण आहे. तो टेलिफोनवर बोलतो आणि गाण्यात नंबरही सांगतो. तो नंबर शहरात खरोखर कुणाचा तरी होता. गाणं गाजलं आणि तिथे बेला बोसला विचारणारे फोन सुरू झाले. "विलायतेत दुकानदारांना फोन करून खप काढतात," कॅटलॉगबाबू सांगतात, "इथे लोकांनीच फोन करून सांगितला." तिथल्या माणसांवर काय गुदरलं असेल, हा विचार त्यांच्या रकान्यात बसत नाही.

एक पान मात्र ते पटकन उलटतात. 'मोहिनेर घोडागुलि' हा गौतम चट्टोपाध्यायांचा बँड. १९७७ ते १९७९ या काळात त्यांच्या तीन तबकड्या निघाल्या, लोकांनी खांदे उडवले, आणि बँड मोडला. १९९५ मध्ये जुनी-नवी गाणी घेऊन 'आबार बोछोर कुडि पोरे' निघालं तेव्हा कॉलेजची पोरं वेडी झाली. २००६ मध्ये त्यांच्याच एका चालीवर 'गँगस्टर' सिनेमातलं हिंदी गाणं भारतभर वाजलं. सत्तरच्या दशकातल्या त्या तबकड्या हाताळून, 'छे, यात तबला कुठाय?' असं म्हणून खाली ठेवणाऱ्यांत कॅटलॉगबाबू होते. हे त्यांनी नाही, बौदींनी सांगितलं. आज त्या तबकड्यांची मूळ प्रत पाहण्यासाठी ते बजबजपर्यंत लोकलनं जातील.

बौदींचं सांगायचं राहिलं. त्या पोस्तो, म्हणजे खसखस, वाटताना गातात. सुमन, अंजन, प्रतुल मुखोपाध्याय, सगळे, शब्द न चुकता. आतल्या खोलीतून आवाज येतो, "दुसरी बाजू, तिसरं!" बौदी थांबत नाहीत. एकदा मला म्हणाल्या, "याला गाता येत नाही ना, म्हणून नंबर पाठ केले."

मी मराठी असल्याचा त्यांना फार उपयोग आहे. वहीत शेवटी 'महाराष्ट्र' असं पान आहे. लताबाई-आशाबाईंनी बंगालीत गायलेली पूजेची गाणी हे आमचं देणं, आणि मन्ना देंचं 'घन घन माला', किशोरकुमारचं 'अश्विनी ये ना' आणि हेमंतदांचं 'मी डोलकर' ही त्यांची परतफेड. हिशेब बंगालच्या बाजूनं झुकलेला आहे असं ते दरवर्षी गणपतीत हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात मोदक खाताना सांगतात. पुण्यात सवाईच्या मंडपात 'हा तोडी त्र्याऐंशीच्यासारखा नाही' म्हणणारे जे काका भेटतात, त्यांना मी एकदा इथे आणून यांच्यासमोर बसवणार आहे.

तोवर वाचकांना एक विनंती. 'मी डोलकर'ची मूळ तबकडी माळ्यावर पडली असेल तर रद्दीत घालू नका. कॅटलॉगबाबू कुरिअरचे पैसे देतील. पाकीट आधी पाठवा, तबकडीची त्यांना घाई नाही.