घरच्या घरी मासोळी कशी ओतावी

खाडीवर जिताडा गरवायला जाणाऱ्याने आधी दुकानातून एक रबरी मासोळी विकत आणावी. दुकानदार तिला ‘लूर’ म्हणतो. तिची शेपटी दुसऱ्याच खेपेला तुटते. (आमची जिताड्याने नव्हे, कालवं चिकटलेल्या खडकाने नेली.) मग मनात येते, ही आपण घरीच का ओतू नये? हा विचार दाबता आला तर पुढे वाचायची गरज नाही.

साचा आपल्या घराला नवा नाही. मोदकाच्या साच्याला आतून तुपाचे बोट फिरवले की उकड अलगद सुटते. इथेही तेच करायचे. फक्त तुपाऐवजी व्हॅसलीन आणि आईऐवजी आपण. बिघडते ते या दुसऱ्या बदलामुळे.

आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात मातीचा थर द्यावा आणि शेपटी शाबूत असलेली मासोळी त्यात आडवी, बरोबर अर्धी रुतवावी. अर्धी म्हणजे अर्धी. पोटाचा फुगवटा चुकीच्या बाजूला गेला की कडक साचा तिला सोडत नाही. कडेच्या मातीत बोटाने तीन-चार खळगे करावेत, म्हणजे पुढे दोन्ही अर्धे भाग एकमेकांत नेमके बसतात.

आता पीओपी. ते पाण्यात भुरभुरावे; पीओपीवर पाणी ओतले की गुठळ्या होतात. माप पाण्याच्या साधारण दुप्पट. कढी ढवळावी तसे सावकाश ढवळावे. जोरात फेटल्यास हवा शिरते आणि साच्यातला एकेक बुडबुडा मासोळीच्या अंगावर चामखीळ होऊन उगवतो. ओतल्यावर थोड्या वेळाने डबा गरम लागेल. घाबरू नये. जिप्सम भाजून त्यातले बरेचसे पाणी उडवले की पीओपी होते. ते पाणी परत मिळाल्याने त्याला ऊब आली आहे. घट्ट झाल्यावर माती काढून, उघड्या पृष्ठभागाला व्हॅसलीन चोपडून दुसरा अर्धा भाग ओतावा. व्हॅसलीन विसरणाऱ्याला साचा मिळत नाही, जीवाश्म मिळतो.

उरलेले पीओपी मोरीत ओतू नये. पाइपाच्या वळणातही ते तितक्याच निष्ठेने घट्ट होते. प्लंबरने आमच्याकडून काढलेला तो बाक आजवरचा आमचा सर्वांत निर्दोष ओतीव नग आहे.

पुढे नाकाशी ओतायचे भोक, शेपटीकडे हवेला वाट, आणि मग वाळवण. इथे माणसाचा धीर सुटतो. साचा वरून कोरडा दिसतो, पण आतून ओला असतो. त्याला आठवडाभर उन्हात ठेवावे. मासोळीचे प्लास्टिक साधारण १७५ अंशांना ओततात. ओल्या साच्यात ओलाव्याची वाफ होऊन मासोळीची चाळणी होते. वजनासाठी शिसे ओतायचा मोह आवरावा. ते ३२७ अंशांना वितळते, आणि ओल्या साच्यात पडले तर उसळून तोंडावर येते. शिवाय त्याचा धूर विषारी. आम्ही बाजारातून तयार शिसे आणतो आणि त्याची लाज वाटत नाही.

आमच्या पहिल्या मासोळीच्या पाठीवर आमच्याच अंगठ्याचा ठसा आला, रेषा मोजता येतील इतका स्वच्छ. कच्च्या साच्यातून मासोळी काढताना त्याला लागलेले बोट. जिताड्याने तिची दखल घेतली नाही. तलाठी कार्यालयात चालली असती.

साच्याला खरी मागणी आली ती संक्रांतीला. सौ. म्हणाल्या, हळदीकुंकवाच्या वाणाला साबणाच्या मासोळ्या द्याव्यात, चाळीस. त्यासाठी सिलिकॉनचा साचा करावा. तो लवचिक असल्यामुळे आमच्या चुका पोटात घालतो. मात्र काही मातीत गंधक असते, आणि अशा मातीजवळ काही सिलिकॉन शेवटपर्यंत चिकटच राहते. तेव्हा आधी छोटासा तुकडा ओतून पाहावा. साबण वितळवून भरावा, गार झाल्यावर काढावा, जिलेटिन कागदात बांधावा. बांधण्यापूर्वी प्रत्येक मासोळी उजेडात धरून आत गरी राहिलेली नाही ना, हे नीट पाहून घ्यावे.