सल्लागारांत एक जागा

महाराष्ट्रात काही नवीन यायचे झाले की आधी त्याची समिती येते, वस्तू मागून सावकाश पोचते. 2025 च्या सुरुवातीला राज्य सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण ठरवण्यासाठी टास्क फोर्स नेमला. माहिती तंत्रज्ञान मंत्री आशिष शेलार यांनी तसे जाहीर केले आणि आम्हां खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीकरांना हायसे वाटले. तोवर एआय म्हणजे मेलेल्या गायकाकडून मोबाइलमध्ये नवे गाणे गाऊन घेण्याची करामत, एवढीच आमची समजूत होती. आता तिला सरकारदरबारी खुर्ची मिळाली.

समित्यांची चेष्टा सगळेच करतात. मला त्या आवडतात. पाच-पंधरा शहाणी माणसे एका टेबलाभोवती बसून, काजू खाता खाता का होईना, 'हे आपल्याला अजून नीट कळलेले नाही' असे लेखी मान्य करतात. यापेक्षा सभ्य गोष्ट सरकारात क्वचितच घडते. तक्रार करायची तर ती वेगाबद्दल. आमच्या सह्याद्रीचे काय करावे हे सांगायला 2010 साली माधव गाडगीळ यांची समिती नेमली. 2011 मध्ये अहवाल आला. तो झेपेना, म्हणून त्यावर विचार करायला कस्तुरीरंगन यांची समिती बसली. तिचा अहवाल 2013 मध्ये आला. मग मसुदा अधिसूचना निघू लागल्या. सहावी 2024 च्या जुलैअखेरीस निघाली. डोंगराला हे कोणी कळवत नाही, त्यामुळे तो पावसाळ्यात आपल्या वेळेने चालतो.

एआयच्या बाबतीत मात्र सरकार अहवालासाठी थांबलेले दिसत नाही. पोलिसांसाठी 2024 मध्येच 'मार्व्हल' नावाची कंपनी नागपुरात निघाली; ते नाव ऐकून आमच्याकडची पोरे अजून सिनेमाचीच वाट पाहतात. शेतीसाठी जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी ठेवले. भातावर करपा पडला की मशीन सल्ला देईल, पावसाचे सांगेल, बाजारभाव सांगेल. उत्तम. पण आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला सध्या पडणारा प्रश्न करप्याचा नसतो. बांधापलीकडे फार्महाऊस झाले, अलीकडे कारखाना आला, मधल्या वीस गुंठ्यांत पाणी कुठून आणायचे आणि एजंटला काय उत्तर द्यायचे, हे विचारले तर ती मशीनबाई काय सांगेल, याची मला खरी उत्सुकता आहे. बहुधा तीही म्हणेल, घरी विचारून बघा.

आमच्या भागाला मोठ्या तंत्रज्ञानाचा शेजार नवा नाही. लोणावळ्याकडचे पाणी घाटाखाली सोडून टाटांनी खोपोलीत वीजघर उभे केले, ते 1915 मध्ये सुरू झाले. वीज इथे झाली आणि तारांवरून मुंबईच्या गिरण्यांत गेली. खेड्यापाड्यांत दिवा लागायला पुढे कित्येक दशके जावी लागली. बुद्धीचेही असेच होणार की काय, अशी एक बारीक शंका येते. सातबारा आमचा, पीकपाणी आमचे, नुकसानीचे पंचनामे आमचे. त्यांवर मशीन शिकणार, आणि शहाणपण मात्र तारेवरून पुढे जाणार.

शिवाय मशीन शिकते ते नोंदींवरून. नोंदींचे काय असते, ते आमच्या तालुक्याने पाहिले आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह काढता आले; 57 माणसे सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे तेव्हा सरकारनेच सांगितले. तिथे गाडी जाईल असा रस्ताही नव्हता. वाचवणारे अंधारात, पावसात चिखल तुडवत वर चढले. ती यादी कितीही हुशार मशीनला वाचायला दिली असती, तरी तिने त्या रात्री 'धोका नाही' असेच म्हटले असते, आणि तेही फार आदबीने.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. पुढे एआयचा हा टास्क फोर्स सल्लागारांचा कायमचा गट होईल, उपसमित्या निघतील, तेव्हा त्यात आयआयटीवाले असोत, कंपन्यांचे लोक असोत, सचिव तर असणारच. एक जागा यादीत नसलेल्या वाडीसाठी ठेवा. एखादी आशाताई चालेल. कोणाच्या घरी कोण आजारी आहे आणि कोण आजार लपवतो आहे, हे तिला ठाऊक असते. पोलीस पाटील चालतील. कोणता ओढा कोणत्या साली पात्र सोडून वाहिला, हे सांगणारी एखादी म्हातारी तर अतिउत्तम. तिला फक्त मध्येच थांबवू नका, कारण ओढ्याआधी ती तिच्या सुनेपासून सुरुवात करील.

कोरमची काळजी नको. ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100, यांतले जे कमी ते लागतात; तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. एवढा अनुभव मंत्रालयात कोणाकडे असेल?

अडचण आहे ती जाण्या-येण्याची. मिनिडोर रिक्षाने खोपोली, तिथून लोकल. ती मोजकीच, चुकली तर कर्जतपर्यंत नवी खटपट. सकाळी अकराच्या बैठकीचा निरोप आदल्या रात्री दहाला व्हॉट्सॲपवर येऊन भागायचे नाही. भत्ता द्या, नाहीतर निदान चहा तरी. आणि बैठक जुलैत ठेवू नका. लावणी असते.