नाटकाला घड्याळ लागत नाही

आमच्या साकोलीकडे धान घरात आलं की दोन गोष्टींना ऊत येतो. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. पटाचं बरं असतं. बैलजोडी सुटली, रेघ ओलांडली, घड्याळ थांबलं. अमक्याची जोडी पुढे, तमक्याची सेकंदाच्या बारीकशा तुकड्याने मागे. हरलेला फार तर घड्याळावर संशय घेतो, नाहीतर गड्याने बैलांना चारलेल्या खुराकावर. पण 'बैल पळाले छान, मात्र आशय तोकडा पडला,' हे ऐकायची वेळ त्याच्यावर येत नाही.

त्याच गावात रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो. वडशाहून आलेली कंपनी, पेटी-तबला, संपता संपत नाही अशी गोष्ट, मध्येच लावणी, मध्येच विनोदी पात्राचा धुमाकूळ, आणि उजाडेपर्यंत शाली-चादरी गुंडाळून बसलेली माणसं. आमची झाडीपट्टी रंगभूमी नामांकनावाचूनच मोठी झाली. एखादं गाणं, एखादी नक्कल आवडली की प्रेक्षक दहा-वीसची नोट पुढे धाडतो आणि माइकवरून त्याचं नाव पुकारलं जातं. त्या नोटेमागे लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य असले रकाने नसतात. हसू आलं, नोट गेली. नायिकेने एवढा जीव तोडून विलाप केला, तिला काहून नाही दिली, असं शेजारच्या आजीला विचारावं, तर ती म्हणते, "मले नाई आवडली." खटला निकाली. विनोदी भूमिकांनी गाजलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा दिल्लीला ते नाव नवं होतं; इकडच्या आज्यांनी आपला निकाल कधीच लावून टाकला होता.

शहरात मात्र आवडीला कोट-टाय घालावा लागतो. साठी ओलांडलेली राज्य हौशी मराठी नाट्यस्पर्धा घ्या. परीक्षक रोज संध्याकाळी एक नाटक बघतात आणि गुण मांडतात. पहिल्या दिवशी हात आखडतो. अजून पुष्कळ यायचं आहे, आत्ताच सढळपणा कशाला? मधल्या दिवसांत एकामागून एक तीन बाप मुलाला घराबाहेर काढतात आणि चौथ्याचा अभिनय कितीही खरा असला तरी परीक्षकाला जांभई येते. शेवटी आलेलं बरं नाटक उगाचच फार बरं वाटतं. निकालाच्या कागदावर यातलं काही दिसत नाही. तिथे फक्त बेरीज असते, आणि बेरजेशी कोण भांडणार? तरी भांडतात. चहाच्या टपरीवर प्रत्येक संघाजवळ 'आपला नंबर का गेला' याची बिनतोड कारणं असतात. आपला नंबर का आला, याची चौकशी मात्र आजवर कुठल्याच संघाने केलेली ऐकिवात नाही.

पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाने 2022 साली तर कमाल केली. 1963 पासून चालत आलेल्या या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत करंडक देण्याजोगी एकही एकांकिका नाही, असं परीक्षकांनी ठरवलं. मग महाराष्ट्रभर वाद पेटला. निम्मे म्हणाले, दर्जा राखला. निम्मे म्हणाले, पोरांचा हिरमोड केला. ज्यांनी त्यातली एकही एकांकिका पाहिली नव्हती, त्यांची मतं सर्वांत ठाम होती.

या बाबतीत जुने अथेन्सवासी मला शहाणे वाटतात. त्यांच्या नाट्योत्सवात परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडत. दहा जण आपापलं मत लिहून भांड्यात टाकत आणि त्यातली पाचच, हाताला येतील ती, मोजायला घेत. नशिबालाच त्यांनी परीक्षक मंडळात मानाची खुर्ची दिली होती म्हणा ना. तिथेच सोफोक्लीसच्या 'ईडिपस'ला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं, असं सांगतात. पहिला आला फिलोक्लीस. त्याचं एकही नाटक आज शिल्लक नाही. 'ईडिपस' मात्र जगभर फिरत फिरत पु. ल. देशपांड्यांच्या हातून 'राजा ओयदिपौस' होऊन मराठीतही आलं.

म्हणून परीक्षकांना बोल लावावा असं नाही. तेही आजीसारखेच प्रेक्षक; फरक इतकाच, की तिला कारण द्यावं लागत नाही आणि यांना द्यावं लागतं. खरा घोळ आवड लपवण्याच्या या धडपडीत आहे. माझं ऐकाल तर निकालही झाडीपट्टीतल्या नोटेसारखे माइकवरून पुकारावेत: "अमुक परीक्षकांना, आज संध्याकाळी, पोटभर जेवण झालेलं असताना, हे नाटक फार आवडलं, त्यांच्याकडून पहिला क्रमांक!" घेणाऱ्याला त्यात आनंद कमी होणार नाही. आणि ज्याचं नाव पुकारलं गेलं नाही, त्याला एवढं तरी कळेल की आपलं नाटक पडलं नाही, त्या परीक्षकांना त्या संध्याकाळी आवडलं नाही इतकंच. पुढच्या धानापर्यंत तालमीला बसायला तेवढं पुरे.