सगळं हिरवंगार

२००६ साली फोर्ड मोटर कंपनीचा तोटा १२ अब्ज डॉलरांच्या वर गेला. त्याच वर्षी नवे प्रमुख अ‍ॅलन मुलाली यांच्या गुरुवारच्या आढावा बैठकीत मात्र उद्दिष्टांचे तक्ते हिरवेगार, म्हणजे सगळं सुरळीत! अखेर कंपनीतले एक अधिकारी मार्क फील्ड्स यांनी एज गाडी अडल्याचं लाल रंगात दाखवलं. आता यांची गच्छंती, असं सहकाऱ्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या. मग इतरांच्याही तक्त्यांवर लाली चढली. तोवरचा रंगांधळेपणा साथीचा असावा.

बैठका कमी करा, हा सल्ला ऐकायला गोड. पण मुलालींची ही बैठक दर आठवड्याला होती म्हणूनच उपयोगी पडली. लाल दाखवायची मुभा दिली तर माणसं सैलावतील म्हणणाऱ्या साहेबांनी सांगावं, हिरव्या तक्त्यांनी कोणती गाडी वेळेत बाहेर पडली? २०१४ मध्ये मुलालींची खुर्ची फील्ड्स यांनाच मिळाली.