कळव्याचा ‘ळ’, कर्जतचा ‘एस’

मुलांची शाळा सोडवून, सगळं बिऱ्हाड गाडीत घालून, फिरता फिरता त्यांना शिकवायचं ठरवणाऱ्या आईबापांचा नकाशा साधारण सारखाच असतो. भूगोल हिमालयात, इतिहास हंपीत, जीवशास्त्र केरळच्या खाडीत आणि गणित कुठे बसवायचं ते ठरत नाही म्हणून विमानतळावर. बेत झकास असतो. फक्त प्रवासाला निघालंय कोण, एवढंच त्यात विसरलेलं असतं. मोठी माणसं नवं काही बघायला घर सोडतात. चार वर्षांच्या मुलाला तेच ते हवं असतं. तीच गोष्ट, त्याच क्रमाने, आणि कोल्ह्याच्या जागी चुकून लांडगा आला तर रडारड. लहान मूल उजळणीने शिकतं आणि पर्यटनाला उजळणीचं वावडं. तेव्हा फिरती घरशाळा सुरू करायचीच असेल तर रोज तोच तो होणारा प्रवास शोधावा लागेल. असा एक आहे: ठाणे ते कल्याण, धीमी लोकल, दुपारची.

हा मार्ग बालवर्गासाठीच आखला असावा. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. सुमारे 20 किलोमीटरमध्ये आठ स्टेशनं, म्हणजे पिवळ्या पाटीवर मोठ्या अक्षरांत छापलेले आठ धडे. ‘दिवा’ पहिल्याच दिवशी वाचून होतो. कळव्याला ‘ळ’ भेटतो, मुंब्र्याला अनुस्वार आणि जोडाक्षर हातात हात घालून येतात, ठाकुर्लीला रफार. डब्यात एक अदृश्य बाई ‘पुढील स्टेशन’ मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सांगते. एकच गोष्ट तीनदा, आवाज न चढवता सांगणारं माणूस कुठल्याही घरात सापडणार नाही. कोपरला तर एक स्टेशन खाली आणि दिवा-वसई मार्गाचं दुसरं वर, त्यामुळे ‘वर’ आणि ‘खाली’ शिकवायला चित्रं लागत नाहीत. तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा कशी होते, हा अपूर्णांक आणि नागरिकशास्त्र यांचा संयुक्त धडा. फीचं म्हणाल, तर पाच वर्षांच्या आत तिकीटच नाही, पुढे बारापर्यंत अर्धं. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे सुट्टीचाही प्रश्न मिटला.

पण इथे बघण्यासारखं आहे काय, असं विचारणारे भेटतील. ठाणं सुटताच खाडी लागते, तिच्याकडे बघावं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यापर्यंतच आली होती. पुढे खाडीवर पूल हवे होते, त्यामुळे कल्याणला पोचायला 1 मे 1854 उजाडला. प्रत्यक्ष रेल्वेला ठाण्याहून कल्याण गाठायला वर्ष लागलं. मुलाला ‘ळ’ यायला दोन आठवडे लागले तर आईने पिशवीतून शिकवणीवर्गाची जाहिरात काढू नये. पारसिकच्या डोंगराखालून 1916 साली बोगदा झाला, पण धीमी त्यात शिरत नाही, ती डोंगराला वळसा घालून जाते. चार वर्षांच्या मुलाचं शिकणंही वळशानेच चालतं.

गर्दीचा आक्षेप मात्र खरा आहे. सकाळी आठला डोंबिवलीत मूल घेऊन चढणं हे शिक्षण नव्हे, ते साहस. म्हणूनच दुपार. कायद्याची धास्ती असेल, तर शिक्षणहक्क कायदा 2010 पासून लागू आहे, पण तो 6 ते 14 वयाचा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी लोकलमध्ये बसून ‘दिवा’ वाचणाऱ्याला तो अडवत नाही. सहानंतर काय, हा विचार ज्याचा त्याने गंभीरपणे करावा.

सगळ्यात अवघड प्रश्न आईबापांचा. त्यांना शिकवता येतं का? कल्याणनेच याचं उत्तर दिलंय. 1865 साली तिथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशींना टपालखात्यातल्या नवऱ्याने, गोपाळरावांनी, घरीच शिकवलं. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत राहिल्या, गावं बदलली, पण अभ्यास सुटला नाही. 1886 साली त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. मात्र हे मास्तर तापट होते, अभ्यासापायी हातही उचलत. त्यांची चिकाटी घ्यावी, बाकीचं टाकून द्यावं. लोकलमध्ये ती सोयही आहे: डोंबिवलीच्या डब्यात मुलावर ओरडून बघा, तीन मावश्या आणि एक निवृत्त मुख्याध्यापक तपासणीला हजर होतात.

हौशी पालकांनी निघण्याआधी ठाण्याच्या तीन हात नाक्यालाही थांबावं. तिथल्या उड्डाणपुलाखाली 2016 पासून सिग्नल शाळा भरते, कंटेनरच्या वर्गात. सिग्नलला वस्तू विकणाऱ्या, दुष्काळी गावं सोडून आलेल्या कुटुंबांची ही मुलं. प्रवास त्यांच्या वाट्याला भरपूर आला होता, कुणी तो निवडला मात्र नव्हता. नव्हती ती रोज त्याच वेळी, त्याच जागी भेटणारी बाई. ती आली आणि मुलं शिकू लागली. घोडबंदरच्या चोविसाव्या मजल्यावरून वर्षभराच्या भटकंतीचा बेत आखणाऱ्यांनी आपल्या यादीत तंबूच्या आधी ही ‘तीच वेळ’ लिहावी.

महिन्याभरात मूल आठही पाट्या उलट्या क्रमानेही म्हणू लागेल आणि कल्याणला उतरायला नकार देईल. इथे रूळ दोन दिशांना फुटतात. इंडिकेटरवर आद्याक्षरं झळकत असतात. ‘टी’ ठाण्याचा, ‘के’ कल्याणचा, ‘ए’ अंबरनाथचा, हे त्याला एव्हाना पाठ झालेलं असतं. आणि मग ‘एस’ दिसतो. धीम्या गाडीचा ‘एस’ त्याला माहीत आहे; हा दुसरा ‘एस’ कर्जतचा, कारण कर्जत आग्नेयेला, म्हणजे इंग्रजीत साउथ-ईस्टला. कसाऱ्याला त्याच हिशेबाने ‘एन’. कर्जतमध्ये ‘एस’ कुठे आहे, हे मूल विचारणारच. विठ्ठलवाडी येईपर्यंत तेवढं उत्तर तयार ठेवावं.