टायरची हवा

पूर्वी मुलगी बघायला गेले की पोह्यांवरून संसाराची परीक्षा घेत. आमच्या धंद्यात मुलाखतीला जुना कोड वाढतात. ‘टेस्ट करता येईल असा करा. वेळ दीड तास.’

माझ्या पानात आला तो टायरच्या हवेचा प्रसिद्ध सराव. दाब १७च्या खाली किंवा २१च्या वर गेला की अलार्म वाजायचा. गोम अशी, की अलार्मचा क्लास आपला सेन्सर स्वतःच्याच पोटात तयार करतो आणि तो सेन्सर मनाला येईल तो आकडा फेकतो. टेस्ट पास की नापास, हे ज्योतिष्याला विचारायचं! उपाय सोपा. सेन्सर कन्स्ट्रक्टरमधून बाहेरून द्यायचा आणि टेस्टपुरता एक खोटा सेन्सर बसवायचा, सांगू तोच आकडा बोलणारा. (असे आज्ञाधारक प्राणी एरवी मॅनेजरच्याच नशिबी.)

मायकेल फेदर्स यांनी २००४ सालच्या पुस्तकात टेस्ट नसलेल्या कोडलाच ‘लेगसी’ म्हटलंय, हेही मी ऐकवलं. पॅनेलने माना डोलावल्या. नोकरी लागली.

पहिल्या दिवशी चार हजार ओळींची एक फाईल समोर आली. विचारलं, ‘टेस्ट कुठायत?’

‘चालतंय ना? मग हात लावू नकोस.’

सहा महिने झाले, एकही टेस्ट लिहिलेली नाही. सोमवारपासून मी मुलाखती घेणार आहे. प्रश्न ठरलाय, टायरचाच.