केजचे परराष्ट्र धोरण

मुंबईची योकोहामाशी १९६५ पासून भगिनी-शहर कराराची सोयरीक आहे, लॉस एंजेलिसशी १९७२ पासून. पुण्याने जपानच्या ओकायामाशी मैत्र जोडलं आणि सिंहगड रस्त्यावर तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर बाग केली, नाव पु. ल. देशपांड्यांचं. शिवाय मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाला नटवण्याचा प्रकल्प आहेच. मग बीड जिल्ह्यातल्या आमच्या केजनंच काय घोडं मारलंय?

नगरपंचायतीनं मनावर घ्यावं. नदी आहे, केजडी. पाणी अधूनमधून असतं. पण पाणी नसलं की काठ तेवढाच रुंद मिळतो, हे सल्लागार कंपनीला कुणीतरी सांगायला हवं. परदेशी शिष्टमंडळ मात्र धुळवडीला बोलावू नये. तालुक्यातल्या विडा गावात त्या दिवशी जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात. करार झाला की तिकडचा महापौर जावईच लागतो, आणि विडेकर नात्याला पक्के.

खरी गोम वेगळीच आहे. केजचे करार कधीच होऊन बसलेत, फक्त त्यांचे फोटो निघाले नाहीत. मांजरा धरण धनेगावचं, म्हणजे केज तालुक्यातलं. जमिनी इथल्यांच्या बुडाल्या, लातूरची तहान भागली. एप्रिल २०१६ मध्ये धरणाचा तळ उघडा पडला तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. गाडीचं नाव ‘जलदूत’. गाडीवर फलक लागले, श्रेयावरून भांडणं झाली. केजला रूळच नाहीत, त्यामुळं श्रेयाचाही प्रश्न आला नाही. टँकरवर फलक लावायला कोण येतो? पुढं सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठ आपण होऊन शेतात आला. जाताना उभं सोयाबीन घेऊन गेला. नदीकाठ विकासाचा एवढा वेग पुण्यालाही जमलेला नाही.

आता व्यापार. दिवाळी सरली की ट्रक-ट्रॅक्टर भरून आमची निर्यात सुरू होते. माल एकच, कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून एक नग. सामंजस्य करार मुकादमाच्या वहीत होतो. उचल आधी मिळते, फेडायची ऊस तोडून. ठिकाणं सांगली, कोल्हापूर, सीमेपलीकडं बेळगाव. म्हणजे कृष्णा आणि पंचगंगेचा काठ. तिथं आमची माणसं पाचटाच्या कोप्या घालतात. सिमेंट नाही, वीज नाही, संडास नाही, आणि पाडव्याला मागं काही उरत नाही. शाश्वत नदीकाठ वसाहतीवर जगभर परिषदा घेणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. चहाची सोय नाही, पण पहाटे तीनला फडावर जायला जागा देऊ.

करारात महिला आरोग्याचं कलम नाही, असं एखादा पाहुणा म्हणेल. कलम आहे, त्याला खाडा म्हणतात. एक दिवस काम चुकलं की दंड. पाळी आणि पोटदुखी त्या हिशेबात बसत नव्हती. मग बीडच्या बायकांची गर्भाशयंच काढली जाऊ लागली. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. अहवाल आला. अहवाल लिहिण्याच्या बाबतीत आपण योकोहामाच्या तोडीस तोड आहोत.

तरीही नगरपंचायतीला सह्यांचा समारंभ करायचाच असेल, तर एकच सूचना. हंगामात ठेवू नका. गावागावांत म्हातारी माणसं तेवढी असतात, टाळ्या कमी पडतील. पाडव्यानंतर ठेवा. टोळ्या परतलेल्या असतात आणि मुकादम पुढच्या उचलीची वही घेऊन हिंडत असतो. त्याला व्यासपीठावर मधली खुर्ची द्या. करार पाळून कसा घ्यायचा, हे तालुक्यात त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही.